१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या असून १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग आहे. डावीकडून वाचली किंवा उजवीकडून वाचली, तरी ती तीच राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार तिचा पहिला १ 'मध्य' या स्थानी येतो, म्हणजे परार्धाच्या अलीकडच्याच स्थानी.

नाव

नाशिकजवळील देवळाली येथे अध्यापन करणारे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेल्या 'डेम्लो' संख्यांपैकी ही एक आहे. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरील स्थानक, आजची डोंबिवली. ही कल्पना त्यांना तेथे सुचली. डेम्लो संख्येच्या दोन टोकांच्या भागांची बेरीज केली, की मधल्या भागातला अंकच पुन्हापुन्हा मिळतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५ आणि मधे ५५. प्रस्तुत संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मधे ९. १, १२१, १२३२१ या क्रमाने वाढणाऱ्या वर्गसंख्यांना कापरेकरांनी 'अद्भुत' डेम्लो संख्या म्हटले.

रचनेचे कारण

अद्भुत वाटणाऱ्या या रचनेचे कारण शाळेतल्या गुणाकारातच सापडते. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना त्याच नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक मांडल्या जातात. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, आणि पुढे ते एकेकाने कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवापुढे जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. मांडणीत एकूण ९ × ९ एक असल्याने अंकांची बेरीजही ८१ येते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मात्र मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढउतार तेथेच मोडतो.

इतर गुणधर्म

तिचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे असून विभाजक ४५ आहेत. पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषम आहे. तिला ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९८००००००००१ मिळते. हा ९९९९९९९९९ चा वर्ग होय. त्याचे मधोमध दोन भाग करून बेरीज केली (९९९९९९९९८ + ००००००००१), तर पुन्हा ९९९९९९९९९ येते. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात.

अंकांची सममिती हा संख्येचा नव्हे, तर दशमान लेखनाचा गुण आहे, हे ध्यानात घ्यावे. अष्टमान पद्धतीत ९ हा अंकच नसतो, त्यामुळे ही मांडणी तेथे दिसणार नाही. अवयव आणि विभाजक मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. अशा अंकखेळांकडे मनोरंजन म्हणून पाहिले जाई. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि त्यांचे नाव भारताबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.