यादी तारेतून येते कशी?

एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकाचे पहिले अक्षर टंकित करा. पडद्यावरची यादी क्षणात आखूड होते. हे काम बहुधा तुमच्या समोरचाच संगणक करतो. पण यादी तर दूरच्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये असते. ती इकडे आली कशी?

तारेतून, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण जशीच्या तशी नव्हे. सर्व्हरच्या स्मृतीत कोणते नाव कोठे ठेवले आहे, ते पत्ते आपल्या संगणकाला निरुपयोगी असतात. शिवाय दोघांच्या भाषा निराळ्या. समजा, सर्व्हरवर पायथॉन आहे. इकडे ब्राउझरमध्ये असते जावास्क्रिप्ट. रिकाम्या जागेसाठी पायथॉन ‘नन’ लिहितो, तर जावास्क्रिप्ट ‘नल’. पायथॉनची यादी तशीच पानात चिकटवली, तर ‘नन’पाशी जावास्क्रिप्ट अडून बसते.

म्हणून यादी आधी दोघांना कळेल अशा साध्या मजकुरात उतरवतात. या लेखनपद्धतीचे नाव जेसन. चौकटी कंसात यादी, मध्ये स्वल्पविराम, शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत, बस्स! अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ साली ती पुढे आणली. त्यांच्या पहिल्याच संदेशात एका रकान्याचे नाव ‘डू’ होते. हा शब्द जावास्क्रिप्टने स्वतःसाठी राखून ठेवलेला, त्यामुळे संदेश फसला! तेव्हा रकान्यांची नावेही अवतरणचिन्हांत घालायची असे ठरले.

हा मजकूर पानातल्या जावास्क्रिप्टमध्येच लिहून पाठवला, तर मात्र एक खरा धोका असतो. जावास्क्रिप्ट कोठे संपली हे ब्राउझर एका ठरावीक खुणेवरून ओळखतो. ती खूण अवतरणचिन्हांच्या आत आहे की बाहेर, हे तो पाहतच नाही. कोणा खोडसाळाने पुस्तकाच्या नावातच ही खूण घालून पुढे आपल्या आज्ञा लिहिल्या, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये त्या आज्ञा पाळल्या जातील. उपाय अगदी सोपा आहे. खुणेची सुरुवात ‘<’ या चिन्हाने होते. ते न लिहिता त्याचा सांकेतिक अंक लिहायचा: उलटी तिरकी रेघ, यू, ००३सी. ब्राउझरला खूण दिसत नाही. जावास्क्रिप्ट मात्र त्याचे पुन्हा ‘<’ करून घेते.

मराठी अक्षरेही पुष्कळदा अशीच अंकांत येतात. एखाद्या पानाचा मूळ मजकूर उघडल्यावर यूपुढे ०९१५ दिसले, तर तो आपला ‘क’ आहे.