भाकरी कोणती, आणि किती?

मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते आणि ज्वारीची भाकरी औषधासारखी ताटात येते. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात जवळजवळ 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या पिठातही साधारण तेवढीच. भात सोडून तीन भाकऱ्या रिचवल्या, तर साखर बधायची नाही.

टाइप 2 मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून एका जेवणात पिष्टमय पदार्थ किती, याला महत्त्व. दोनऐवजी एक भाकरी, उरलेल्या जागी मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी. उसळ-भाजी आधी खावी, भाकरी-भात नंतर. एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. उपासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च! (असला उपास न केलेलाच बरा.)

जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासावं. बहुतेक प्रौढांसाठी 180 मिलिग्रॅमच्या आतला आकडा ठीक मानतात. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता भाकरी निम्मी करू नये. डोस तोच राहिला तर साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात.