बुडी मारल्यानंतर घाट केव्हा चढावा?

बीड जिल्ह्याला किनारा नसल्याने स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेल्या हवेवर श्वास घेत केले जाणारे डायव्हिंग, येथील पर्यटकाला मालवण-तारकर्ली परिसरात करता येते. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो; दाब झपाट्याने घटल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवू शकतात, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून डायव्हिंग करणाऱ्यांना शेवटच्या बुडीनंतर किमान १२ ते १८ तास विमानप्रवास वर्ज्य सांगतात. परतीच्या वाटेवरील आंबोली घाटाचा माथा सुमारे ७०० मीटर, तर बीड सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने हे तत्त्व एसटीने परतणाऱ्यालाही लागू पडते. अर्थात उथळ, एकाच बुडीनंतर धोका अल्पच असतो.