शेतकी विद्यालयांचा जनक : जस्टिन मॉरिल

शेतकी शिक्षणास सरकारी जमिनीचा आधार मिळवून देणाऱ्या गृहस्थास स्वतः कॉलेजाचें तोंड पाहावयास मिळालें नव्हतें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. जस्टिन स्मिथ मॉरिल यांचा जन्म १८१० सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत स्ट्रॅफर्ड या खेड्यांत झाला. वडील लोहार, मुलास पुढें शिकविण्याची ऐपत नव्हती. पंधराव्या वर्षीं शाळा सुटली व मॉरिल दुकानांत नोकरीस राहिले. १८३१ सालीं ते भागीदार झाले, आणि १८४८ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, पुरेसा पैसा गांठीस बांधून त्यांनीं व्यापारास रामराम ठोकला. नंतर घर बांधलें, बाग लाविली, शेती पाहिली. १८५५ पासून ते प्रतिनिधिसभेंत बसूं लागले.

त्यांचें पहिलें बिल अध्यक्ष ब्यूकॅनन यांनीं १८५९ सालीं नामंजूर केलें. मॉरिल यांनीं तें पुन्हां आणिलें, व ऐन यादवीच्या धामधुमींत, २ जुलै १८६२ रोजीं, लिंकन यांनीं त्यावर सही केली. संस्थानाच्या दर प्रतिनिधीमागें ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी, ती विकून येणारें मुद्दल कायम राखावें, आणि व्याजावर शेतकी व यंत्रविद्या शिकविणारें कॉलेज चालवावें, अशी योजना होती. इमारतीसाठीं यांतील एक पैहि खर्चण्यास मनाई होती. दुकानदाराचा हिशेबीपणा येथें स्पष्ट दिसतो.

ज्या संस्थानांत सरकारी जमीन नव्हती, त्यांस दुसरीकडील जमिनीचे रोखे मिळाले. ते घाईनें बाजारांत आले व भाव कोसळला. जमिनीचा सरकारी दर एकरीं सव्वा डॉलर असतां ऱ्होड आयलंडनें १,२०,००० एकरांचे रोखे ५०,००० डॉलरांस विकले! न्यूयॉर्कांत मात्र एझ्रा कॉर्नेल यांनीं रोखे घेऊन विस्कॉन्सिनांतील पाइनचीं जंगलें निवडलीं व थांबण्याचें धोरण ठेविलें. त्या विद्यापीठास कितीतरी अधिक रक्कम मिळाली.

आमची हयात कब्जेदारांचीं नांवें लिहिण्यांत गेली; म्हणून, या जमिनीवर आधीं कोणाचा कबजा होता, हें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. वांटलेली सुमारें १ कोटी ७ लक्ष एकर जमीन तेथील मूळ रहिवासी जमातींची होती. ती त्यांजकडून तहांनीं व जबरीनें, पुष्कळदां नाममात्र मोबदल्यांत, घेतलेली होती. कायद्यांत त्यांचा उल्लेखहि नाहीं.

१८६७ पासून मॉरिल सेनेटमध्यें होते. १८९० च्या त्यांच्या दुसऱ्या कायद्यानें, काळ्या विद्यार्थ्यांस प्रवेश नाकारणाऱ्या संस्थानांनीं त्यांच्यासाठीं निराळें कॉलेज चालविल्यावांचून पैसा मिळूं नये, असें ठरलें. २८ डिसेंबर १८९८ रोजीं, सभासद असतांनाच, ते वारले.

त्यांच्याच कायद्यावर उभ्या राहिलेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साह्यानें १९६० सालीं पंतनगर येथें आपल्या देशांतील पहिलें कृषि विद्यापीठ निघालें. राहुरीचें १९६८ सालीं.