आरशांतून निसटणारा प्रदेश

बाजूच्या आरशांत आपल्याच मोटारीचा पार्श्वभाग ठळक दिसावा असा बहुसंख्य चालकांचा रिवाज आहे. परंतु त्यायोगे मधल्या आरशातील दृश्याचीच पुनरावृत्ती होऊन शेजारच्या मार्गिकेतील दुचाकीस्वार मात्र सर्वस्वी अदृश्य राहतो, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ साली विशद केलेली योजना, आपल्याकडील उजव्या चालकासनास अनुसरून सांगावयाची तर, अशी: मस्तक उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा, आणि गाडीच्या मध्यरेषेपर्यंत झुकून डावा आरसा, गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवावा. मग ओलांडून जाणारे वाहन मधल्या आरशातून लुप्त होण्यापूर्वीच बाजूच्या आरशात, आणि तेथून निसटण्यापूर्वी प्रत्यक्ष दृष्टीच्या कक्षेत हजर होते. बहिर्वक्र आरशात मात्र वाहन असते त्याहून दूर भासते. म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी मान वळवून खातरजमा करावीच.