माउंट व्हर्ननचें घर व बॅस्टीलची किल्ली

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत, पोटोमॅक नदीच्या उंच तीरावर, माउंट व्हर्नन नांवाचें एक जुनें घर आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापति व त्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचें हें राहतें घर. आज तें सर्वांस पाहावयास खुलें आहे. वाचकहो, आपणही मनानें तेथें जाऊं या.

दुरून घराच्या भिंती दगडी भासतात. जवळ जातांच त्या लांकडी आहेत असें कळतें. फळ्यांच्या कडा तासून व ओल्या रंगावर वाळू फेंकून त्यांस दगडाचें रूप दिलें आहे. नदीच्या बाजूस आठ उंच खांबांची प्रशस्त ओसरी आहे. आंत मधल्या दालनाच्या भिंतीवर एक लोखंडी किल्ली दिसते. १७८९ सालीं पॅरिसच्या लोकांनीं बॅस्टीलचा तुरुंग जिंकला, त्याची ही किल्ली. वॉशिंग्टन यांच्या हाताखालीं लढलेला फ्रेंच सरदार लाफायेत यानें १७९० सालीं ती आपल्या सेनापतीस भेट म्हणून पाठविली.

परंतु १७९९ सालीं याच मिळकतींत ३१७ गुलाम राबत होते! पैकीं १२३ वॉशिंग्टन यांच्या मालकीचे. बाकीचे बहुतेक त्यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे. या दुसऱ्यांस मुक्त करण्याचा अधिकार कायद्यानें पतिपत्नींस नव्हता. वॉशिंग्टन यांनीं आपले गुलाम पत्नीच्या पश्चात् मुक्त व्हावे असें मृत्युपत्रांत लिहिलें, व १४ डिसेंबर १७९९ रोजीं याच घरीं त्यांचें निधन झालें. मार्था यांनीं १ जानेवारी १८०१ रोजींच त्या गुलामांस मुक्त केलें. परंतु दोन्ही वर्गांत विवाहसंबंध झालेले असल्यामुळें कोठें बाप मुक्त, तर आई व मुलें बंधनांत, अशीं कुटुंबें दुभंगलीं.

पुढें घर मोडकळीस आलें. तेव्हां ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनीं १८५३ सालीं स्त्रियांची एक संस्था स्थापिली. संस्थेनें लोकांकडून वर्गणी जमवून १८५८ सालीं दोन लक्ष डॉलरांस तें विकत घेण्याचा करार केला. आजही तीच संस्था त्याची काळजी वाहते. वॉशिंग्टन यांच्या समाधीपासून जवळच झाडींत गुलामांची दफनभूमि आहे. तेथें संस्थेनें १९२९ सालीं एक स्मृतिशिला बसविली व १९८३ सालीं दुसरें स्मारक उभें राहिलें.

जो केवळ किल्ली पाहून परत फिरतो, त्यानें अर्धेंच घर पाहिलें. दफनभूमीपर्यंत चार पावलें चालून जावें, म्हणजे स्वातंत्र्य हा शब्द उच्चारणें किती सोपें व तें सर्वांस देणें किती कठीण, हें मनांत ठसतें.