जोखीम कोण पेलतो? ‘आंत्रप्रेन्युअर’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बियाणं, लोखंडी सळई आणि मोसंबी ही जालन्याची ओळख. तिन्ही धंदे जोखमीचे. तरीही ‘आंत्रप्रेन्युअर’ म्हटलं की आपल्याला मोठ्या शहरातला, लॅपटॉप उघडून बसलेला तरुण आठवतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आपल्या शिवारापासून लांबचा नाही.

गैरसमज १ : हा इंग्रजी शब्द आहे आणि स्टार्टअपच्या लाटेत आला.

वस्तुस्थिती : शब्द फ्रेंच आहे. ‘हाती घेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये राजासाठी किल्ले, पूल, रस्ते बांधून देणाऱ्या कंत्राटदाराला हे नाव होतं. रक्कम आधीच ठरायची. खर्च वाढला तर तोटा त्याचा, वाचला तर नफा त्याचा. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला, तोही आधी नाटक आणि संगीताचे कार्यक्रम उभे करणाऱ्यांसाठी.

गैरसमज २ : शेतकरी या व्याख्येत बसत नाही.

वस्तुस्थिती : या शब्दाला अर्थशास्त्रात जागा दिली रिचर्ड कॅंटिलॉन यांनी. मूळचे आयर्लंडचे, पॅरिसमध्ये सावकारी पेढी चालवणारे. त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर, १७५५ मध्ये छापला गेला. ठरलेल्या किमतीला घेऊन अनिश्चित किमतीला विकतो तो आंत्रप्रेन्युअर, असा त्यांचा विचार आणि त्यात शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जमीनमालकाला ठरलेला खंड द्यायचा. पाऊस किती पडेल, भाव काय मिळेल, हे मात्र ठाऊक नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन किंवा मंठ्यात कपाशी लावणाऱ्याची गत हीच आहे. बियाणं, खत, मजुरी यांचे दर समोर असतात. कापसाचा भाव वेचणीनंतर कळतो.

गैरसमज ३ : आंत्रप्रेन्युअर म्हणजे डोळे मिटून उडी घेणारा.

वस्तुस्थिती : जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांचं काम पाहावं. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९६४ मध्ये ‘महिको’ ही कंपनी काढली. बियाणं त्यांनी शेतकऱ्यांच्या रानात, करारावर तयार करून घेतलं. या पद्धतीत जोखीम वाटली जाते. भाव आधी ठरल्यामुळे बाजाराची जोखीम कंपनीकडे जाते. हवामानाची आणि बियाणं तपासणीत नापास होण्याची जोखीम बहुतांशी सीड प्लॉट (बियाण्यासाठीचं पीक) घेणाऱ्या शेतकऱ्याकडे राहते. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाला. त्यांच्या यशाचं श्रेय धाडसाइतकंच जोखमीच्या या मांडणीलाही आहे.

गैरसमज ४ : विमा काढला की जोखीम संपली.

वस्तुस्थिती : अमेरिकी अर्थतज्ज्ञ फ्रॅंक नाइट यांनी १९२१ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. मोजता येते तिचा विमा निघतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप अन्नधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के ठरवला गेला. पण ही योजना पिकाच्या नुकसानीची आहे. भाव कोसळला तर ती भरपाई देत नाही. नाइट यांच्या मते नफा मिळतो तो अशी मोजता न येणारी अनिश्चितता पेलण्याबद्दल.

गैरसमज ५ : जोखीम कमी करणारा भित्रा असतो.

वस्तुस्थिती : २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने मात्र खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने आधीच पाणलोटाचं काम केलं होतं. माथा ते पायथा पाणी अडवलं, पुढे शेततळी खोदली आणि त्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आधी पाण्याची जोखीम आटोक्यात आणली, म्हणून महागड्या पिकाची जोखीम घेता आली.

म्हणून ‘उद्योजकता’ शिकवताना शेताला वगळू नये. दुकान असो, कारखाना असो की मोसंबीची बाग, प्रश्न तेच आहेत : माझा कोणता खर्च ठरलेला आहे, कोणती मिळकत बेभरवशाची आहे, आणि फसलं तर तोटा कुणाच्या माथी येणार? करारावर सही करण्याआधी आणि कर्ज उचलण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढावीत. कर्ज देणाऱ्या बँकेनेही शेतकऱ्याकडे याच नजरेने पाहावं. तो मदतीची वाट पाहणारा नाही, दर हंगामाला भांडवल पणाला लावणारा आहे.